पत्त्यांचा प्रत्येक गेम म्हणजे रमी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मोबाईलवरच्या पत्त्यांच्या गेमवर लेख आला होता तो वाचला. चांगला होता, पैसे लावून खेळायच्या रमीपायी घरंच्या घरं कशी बसली ते लिहिलंय त्यात काही खोटं नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने असल्या पैशांच्या गेमवर बंदी घालणारा कायदा केला ते बरंच झालं असं माझंपण मत आहे. पण लेखाच्या शेवटी शेवटी पत्त्यांचे सगळेच व्हिडिओ गेम एका झाडूने झाडून टाकलेत, तिथे माझं जरा डोकं फिरलं. आधीच विधिमंडळातल्या त्या रमीच्या व्हिडिओनंतर आपल्याकडे कुणाच्या स्क्रीनवर पान दिसलं की पहिला प्रश्न "काय, किती जिंकलात?" हाच असतो, त्यात आता पेपरनेपण तेच म्हटलं की संपलंच.

मी राहते सावंतवाडीत, जिथे राजवाड्यात अजून हाताने रंगवलेली गंजिफाची पानं बनतात. दशावतारी गंजिफात १२० पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पानं. ती पानं लोक फ्रेम करून हॉलमध्ये लावतात आणि कौतुक करतात, आणि तेच पत्ते कुणी कॉम्प्युटरवर गोष्टीसकट खेळला की वाया गेला. असो. नुसती तक्रार करून उपयोग नाही म्हणून एका गेमबद्दल नीट लिहून पाठवतेय. तुमच्याकडे नाटकाचं परीक्षण येतं, सिनेमाचं येतं, वेब सिरीजचं तर दर आठवड्याला येतं, गेमचं कधी येत नाही, तर हे त्या जागेसाठी समजा. थोडं लांबलंय, कात्री लावायची तर लावा, पण मधला इझबेल या पात्राचा भाग ठेवा.

गेमचं नाव थ्रोनब्रेकर: द विचर टेल्स. पोलंडमध्ये वॉर्सात सीडी प्रोजेक्ट रेड म्हणून कंपनी आहे, राक्षस मारणाऱ्या गेराल्टच्या गोष्टीचे, म्हणजे विचरचे तीन मोठे गेम त्यांचेच, २००७, २०११ आणि २०१५ चे. ज्या तरुण मंडळींनी तिसरा खेळलाय त्यांना आठवत असेल की त्यात खानावळीत बसून ग्वेंट नावाचा पत्त्यांचा डाव टाकता यायचा आणि तो इतका चिकट होता की लोक राक्षस मारायचे सोडून पत्तेच कुटत बसायचे. त्यावरून कंपनीने आधी ग्वेंटचा वेगळा ऑनलाईन गेम काढला, आणि मग ऑक्टोबर २०१८ मध्ये हा थ्रोनब्रेकर, जो पूर्णपणे एकट्याने खेळायचा. समोर दुसरा माणूस नाही, पैसे लावणं नाही, पानांची पाकिटं विकत घेणं नाही, एकदा गेम घेतला की झालं.

गोष्ट अशी. लिरिया आणि रिविया या दोन राज्यांची मिळून एक राणी आहे, मेव्ह. नवरा वारलेला, मुलगे मोठे झालेले, स्वभावाने कडक आणि जिभेने त्याहून कडक. दक्षिणेकडून निल्फगार्डचं साम्राज्य चढाई करून येतंय हे सगळ्यांना दिसतंय, राजेलोकांच्या बैठका झाल्यात, आणि ती बैठकीवरून घरी परत येतेय तर वाटेत राज्यात दरोडेखोरांचा सुळसुळाट. त्यांचा म्होरक्या गॅस्कन, ज्याला सगळे कुत्र्यांचा सरदार म्हणतात. तर ही आधी त्याच्या मागे लागते, तेवढ्यात युद्ध दारात येतं, आणि मग तिचाच मुलगा व्हिलेम, कॉल्डवेल नावाच्या सरदाराचं ऐकून, शत्रूसमोर गुडघे टेकतो आणि आईला कैदेत टाकतो. त्यानंतर राणी आणि तिनेच पकडलेला तो दरोडेखोर बरोबर पळतात आणि गाव नाही, खजिना नाही, मूठभर माणसं, अशा अवस्थेत नवं सैन्य गोळा करत एकामागून एक मुलुख तुडवत जातात. लिरिया, एडर्न, डोंगरातलं महाकाम, दलदलीचं आंग्रेन आणि शेवटी रिविया, असे पाच नकाशे. एक कथेकरी सगळं सांगत असतो आणि त्याचा आवाज फार छान आहे, आपण काही निर्णय घेतला की तोही गोष्टीत गुंफून पुढे सांगतो.

विचरची मूळ गोष्ट अँद्रेज सापकोव्स्की या पोलिश लेखकाची, आणि ही मेव्ह त्याच्या कादंबरीतपण आहे पण थोडीशीच. यारुगा नदीवरच्या पुलाच्या लढाईनंतर ती गेराल्टला सरदारकी देते तो प्रसंग पुस्तकात आहे आणि गेममध्येही ती लढाई येते, गेराल्ट येतो, दोन मिनिटं दिसतो आणि जातो. मला हे भयंकर आवडलं. जगभर ज्याचे पोस्टर लागलेत तो माणूस इथे पाहुणा कलाकार आणि मध्ये उभी कोण तर मोठी मुलं असलेली, चेहऱ्यावर लढाईचा व्रण घेऊन फिरणारी बाई. आमच्या वयाच्या बायका गेममध्ये एरवी एकतर दुकानदारीण असतात नाहीतर हिरोची मेलेली आई.

आता पत्ते. ज्यांना मेंढीकोट, बदाम सात येतं त्यांना हे दहा मिनिटांत कळेल. बहुतेक पानांवर एक माणूस, एक यंत्र किंवा एक प्राणी आणि त्याच्या ताकदीचा आकडा. आपल्या बाजूला दोन रांगा, पुढची हातघाईची आणि मागची तिरंदाजांची. आळीपाळीने एकेक पान टाकायचं, ज्याच्या बाजूची बेरीज जास्त त्याची फेरी, तीनपैकी दोन फेऱ्या जिंकल्या की लढाई जिंकली. खरी मेख अशी की पहिल्या फेरीत हातातली पानं उधळली तर पुढच्या फेरीला मोजकीच नवी मिळतात. म्हणजे कुठे जिंकायचं यापेक्षा कुठे मुकाट्याने पास म्हणून फेरी सोडून द्यायची हे ज्याला कळलं तो पुढे गेला. समोरच्याला एका फेरीसाठी अख्खा हात रिकामा करायला लावायचा आणि आपण दोन पानांवर ती सोडून द्यायची यात जी मजा आहे ती ज्यांनी हुकूम दाबून ठेवून खेळलंय त्यांना वेगळी सांगायला नको. काही पानांना पुन्हा असा गुण की राणीने आपली खास चाल वापरली की तीही तेव्हाच काम करतात, मग दोन-तीन अशी पानं मांडून ठेवली की त्या एका चालीत समोरची रांग साफ.

पण नुसतं एवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं, असे गेम ढिगाने आहेत. या गेममध्ये तुमच्या हातातली गड्डी हेच तुमचं सैन्य आहे, आणि हे फक्त म्हणायला नाही. नकाशावर राणीला फिरवायची, वाटेत सोनं, लाकूड आणि भरतीची माणसं मिळतात, मग छावणी टाकायची, तिथे नवी पानं बनवायची, जुनी सुधारायची. म्हणजे भालाईत हवे असतील तर तेवढी माणसं आणि तेवढं सोनं पाहिजे. आणि सोनं कुठून येणार? वाटेतल्या गावांतून. लोक आधीच युद्धाने नागवलेले, त्यांनी काहीतरी लपवून ठेवलंय ते घ्यायचं की नाही हे गेम तुम्हाला विचारतो आणि तुम्ही भले मनाने कितीही सज्जन असा, पुढच्या वळणावर निल्फगार्डची पलटण दिसत असते. सिनेमात असा प्रसंग आला तर आपण खुर्चीत बसून हिरोला नावं ठेवतो. इथे घेतलं नाही तर पुढच्या लढाईत आपल्याच हातात पानं कमी.

आणि माणसं. राणीबरोबर जे महत्त्वाचे लोक येतात ते सगळे पानंपण आहेत, चांगली दणदणीत पानं, ज्यांच्यावर तुम्ही तुमचा सगळा डाव रचता. इझबेल म्हणून एक जादूगार वैदू आहे, जखमींना बरं करणारी, रक्तपाताचा तिटकारा असलेली. तिचं पान हातात असलं की जखमी पलटणी पुन्हा उभ्या राहतात. मग तुम्ही एक निर्दय निर्णय घेता, लष्करी दृष्टीने तो अगदी बरोबर असतो, असे आणखी एक-दोन घेता, आणि ती छावणी सोडून निघून जाते. रडारड नाही, भाषण फार नाही. पुढच्या लढाईआधी गड्डी उघडली तर तिचं पान नाही. जिच्यावर विसंबून बाकीची पानं निवडली होती ती गेली म्हणजे आता सगळी मांडणी नव्याने करा. दुसरीकडे रायला, कडवी सैनिक, एल्फ जमातीच्या बंडखोरांनी केलेले हाल सोसून आलेली. त्यांच्याशी तुम्ही तह केला, युद्धासाठी तो कितीही फायद्याचा असला तरी, रायला थांबत नाही. म्हणजे दोघींना खूश ठेवणं जवळजवळ अशक्यच, आणि गेम तुम्हाला कुठेही सांगत नाही की हे बरोबर ते चूक, फक्त पान काढून घेतो. एखाद्या पात्राचं जाणं मला कादंबरीत लागतं, नाटकात लागतं, पण तिथे त्या जाण्याचा हिशोब मला करावा लागत नाही. इथे ती गेल्यानंतरच्या पहिल्या दोन लढाया हरताना तिची किंमत आकड्यात कळते, आणि गोष्ट सांगायची ही रीत दुसऱ्या कुठल्याच माध्यमाला जमणार नाही असं मला वाटतं, मुख्य मुद्दा माझा हाच आहे.

गॅस्कनबद्दल मुद्दाम काही लिहीत नाही, खेळणाऱ्याची मजा जाईल. एवढंच, की त्याच्यावर जीव लावा पण डोळे उघडे ठेवा. राणीचा जुना सेनापती रेनार्ड आणि हा, दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही आणि छावणीतल्या तंबूत त्यांचे जे टोमणे चालतात ते ऐकायला मी कितीतरी वेळा विनाकारण मुक्काम टाकायचे.

नकाशांमध्ये माझं आवडतं महाकाम. ड्वार्फ म्हणजे बुटक्या लोकांचा मुलुख, बर्फ, खाणी, आणि ब्रूव्हर हूग म्हणून त्यांचा एक म्हातारा मुखिया जो कुणाच्या बापाला जुमानत नाही. राणी मदत मागायला गेलीय आणि हा आपला तुमच्या माणसांच्या युद्धाशी आमचा काय संबंध म्हणून बसलाय. ग्रामपंचायतीत काम घेऊन गेलेल्या कुणालाही हा म्हातारा ओळखीचा वाटेल. नंतर आंग्रेनच्या दलदलीत एकदम भुताटकीचा सूर लागतो, तिथे गर्निकोरा नावाची रक्तपिपासू बया आहे, तिच्या बाजूला फळांसारखं काहीतरी उगवत राहतं आणि ते वेळेत तोडलं नाही तर संपलात. रात्री हेडफोन लावून खेळू नये. संगीत मार्चिन प्शिबिलोविच आणि मिकोलाय स्त्रोइन्स्की यांचं, तिसऱ्या विचरमध्ये होती तीच जोडी, आणि दलदलीत तर ते संगीतच अर्धी भीती घालतं.

कोड्यांचं वेगळं सांगायला पाहिजे. अधूनमधून अशी लढाई येते की तुमची गड्डी बाजूला, ते देतील तीच पानं, आणि ठरलेल्या चालीत सुटलं तर सुटलं. काही कोडी इतकी सुरेख आहेत की सुटल्यावर मी उठून चहा करून आले, बक्षीस म्हणून. काही मात्र उगाच, एकच बरोबर क्रम आणि तो सापडेपर्यंत पुन्हा पहिल्यापासून. जोर कुठे द्यायचा हे बनवणाऱ्यांनापण सगळीकडे कळलेलं नाही.

आता दोष, आणि ते बारीक नाहीत. पहिला असा की मधल्या पातळीवर खेळलात तर अर्ध्यानंतर गेम सोपा होतो. दोन-तीन पानांची एखादी जोडगोळी जमली की तीच प्रत्येक लढाईत फिरवायची आणि समोरचा कोणीही असो, जिंकायचं. संगणकपण तसा बावळट, कधी पास म्हणायचं हे त्याला नीट कळत नाही. दुसरा दोष पहिल्यापेक्षा मोठा. सोनं नंतर नंतर इतकं साठतं की गरीब गावाचं घ्यायचं का या प्रश्नातला काटाच निघून जातो. सुरुवातीला जो निर्णय घेताना हात थांबायचा तो शेवटी शेवटी सहज घेता येतो, राणी दानशूर वगैरे वाटते पण त्यात तिचं काहीच जात नाही. सैन्याचं मनोबल म्हणून एक भानगड आहे, लोक खूश असले तर पानांची ताकद वाढते आणि नाराज असले तर घटते, पण फरक इतका किरकोळ की मी त्याकडे बघणंच सोडलं. ज्या गेमचा सगळा जीव निर्णयांच्या किमतीत आहे त्याने किंमत अशी स्वस्त करायला नको होती. शिवाय संवाद चालू असताना पडद्यावर दोन चित्रं समोरासमोर उभी असतात, चित्रं सुंदर आहेत, जाड रेघांची, कॉमिकसारखी, पण हलत फार नाहीत, आणि वाचायला खूप आहे. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर हा गेम घेऊच नका. मराठी तर सोडाच, हिंदी सबटायटल्सही नाहीत.

एवढं असून हा गेम निघाला तेव्हा चालला नाही. कंपनीने आधी तो फक्त स्वतःच्या दुकानात म्हणजे गॉगवर ठेवला, विक्री अपेक्षेएवढी होईना म्हणून महिन्याच्या आतच स्टीम या दुसऱ्या ऑनलाईन गेमच्या दुकानात आणावा लागला. मला वाटतं कारण तेच, नाव आणि पत्ते बघून लोकांना वाटलं हापण पाकिटं विकणारा ऑनलाईन प्रकार. त्याच मोसमात व्हॉल्व्हसारख्या धनाढ्य कंपनीचा आर्टिफॅक्ट नावाचा पत्त्यांचा गेम आला होता, त्यात गेमचेही पैसे आणि वर पानांचेही पैसे, लोक महिन्या-दोन महिन्यांत पळाले आणि २०२१ मध्ये कंपनीने त्यावरचं काम थांबवलं. खुद्द ऑनलाईन ग्वेंटमध्येही २०२३ नंतर नवी पानं येणं बंद झालं. थ्रोनब्रेकरला मात्र यातलं काही लागत नाही, दुसऱ्या खेळाडूची गरज नाही, पुस्तकासारखा कधीही उघडा आणि सुरू करा. नंतर तो निन्टेन्डो स्विचवर आला, आयफोनवर २०२० मध्ये आणि अँड्रॉइडवर २०२१ मध्ये. फोनवर खेळता येतो पण वाचनाचा गेम आहे, चाळिशीचा चष्मा असेल तर लॅपटॉपच बरा.

कुणी म्हणेल गेमसारख्या पोरखेळाला पेपरात एवढी जागा कशाला. तर २०११ मध्ये ओबामा वॉर्सात गेले तेव्हा पोलंडच्या पंतप्रधानांनी, डोनाल्ड टुस्क यांनी, त्यांना भेटीत काय दिलं माहितीय का, विचरचा दुसरा गेम. आणि २०१४ मध्ये पुन्हा गेल्यावर ओबामांनी भाषणात त्याचा उल्लेखही केला, वर आपल्याला व्हिडिओ गेम फारसे जमत नाहीत असंही सांगून टाकलं. आपल्याकडे पाहुण्याला शाल, श्रीफळ आणि कुणाचं तरी आत्मचरित्र देतात. द्या, माझी हरकत नाही, पण एका देशाला आपली गोष्ट जगाला सांगायला गेम चालतो आणि आपल्या पुरवणीच्या पानावर तो फक्त व्यसनमुक्तीच्या चौकटीत येतो, हे तुम्हालाच विचित्र वाटत नाही का?

ज्यांना घ्यायचाय त्यांच्यासाठी थोडं. पूर्ण किमतीला घाई करू नका, गॉग आणि स्टीम दोन्हीकडे विचरच्या गेमवर अधूनमधून मोठी सूट लागते. विचरचे आधीचे गेम खेळलेले नसले तरी अडत नाही, सगळी पात्रं इथे नव्याने ओळख करून देतात. पत्त्यांत अजिबात रस नाही आणि गोष्टच हवी असेल तर सर्वात सोपी पातळी घ्या, तिथे लढाई वगळूनसुद्धा पुढे जाता येतं, माझ्या बहिणीने तसाच संपवला आणि तिला इझबेल गेल्याचं तेवढंच वाईट वाटलं. पण तुमच्या घरात रात्र रात्र मेंढीकोट चालत असेल तर पहिल्यापासून सर्वात कठीण, बोनब्रेकर नावाची पातळी लावा, मधल्या पातळीच्या नादी लागूच नका. आणि निर्णय चुकला म्हणून जुनी सेव्ह फाईल लोड करू नका, मग या गेममध्ये काही उरतच नाही.

माझी स्वतःची महाकाम आणि आंग्रेनमधली काही कोडी अजून राहिलीत. तुमच्या वाचकांपैकी कुणी सोडवली असतील तर त्यांनी जरूर लिहावं, फक्त पूर्ण उत्तर छापू नका प्लीज, पहिली चाल कुठल्या रांगेत टाकायची एवढंच सांगा, बाकी मी बघते.

कळावे,
तुमची नियमित वाचक,
सावंतवाडी